ऱ्होड्सचे जुने बंदर-शहर पहिल्यांदा पाहताना: आधी खंदक, मग दरवाजा, मग गल्ली

ग्रीसला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या सहलीत अथेन्स हमखास असते, त्यापाठोपाठ सान्तोरिनी असते. ऱ्होड्सचे नाव मात्र बहुतेकांच्या लेखी शाळेत पाठ केलेल्या जगातील सात आश्चर्यांच्या यादीपुरतेच राहते. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम १८ किलोमीटरवर असलेल्या या बेटाच्या उत्तर टोकाला इ. स. पू. ४०८ मध्ये वसवलेले बंदर आजही चालू आहे, आणि बंदराला लागून सुमारे चार किलोमीटर लांबीच्या तटाने वेढलेले जे मध्ययुगीन शहर आहे, त्यात आजही माणसे राहतात, अंगणात कपडे वाळत घालतात आणि संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात. युनेस्कोने १९८८ मध्ये या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पहिल्यांदा जाणाऱ्याने ते कोणत्या क्रमाने पाहावे, हे या लेखात सांगायचे आहे, कारण इथे क्रम चुकला तर दुकाने आणि गर्दी यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. आपल्याकडे गड पाहायला जाणारी जाणती माणसे आधी गडाचा घेरा नजरेखालून घालतात आणि मगच दरवाजाकडे वळतात. ऱ्होड्सही तसेच पाहावे.

निघण्यापूर्वी

ग्रीस शेंगेन गटात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. व्हिसाच्या बाबतीत ऱ्होड्सला जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बंदरावर तुर्कस्तानातील मार्मारिसला नेणाऱ्या बोटींच्या पाट्या जागोजागी दिसतात आणि समोरचा किनारा इतका जवळ भासतो की एका दिवसात जाऊन येण्याचा मोह सहज होतो. परंतु मार्मारिसला जाणे म्हणजे शेंगेनच्या हद्दीबाहेर जाणे होय. तुमच्या व्हिसावर एकदाच प्रवेशाची परवानगी असेल, तर त्याच व्हिसावर संध्याकाळी ऱ्होड्सला परत येता येणार नाही, आणि तुर्कस्तानच्या व्हिसाचा प्रश्न वेगळाच उरतो. ही सहल खरोखर करायची असेल, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा पहिल्यापासूनच मागावा.

ऋतूचे म्हणाल, तर एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत जावे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे ऊन दगडी भिंतींवरून परावर्तित होऊन चालणे अवघड करते, आणि प्रवासी जहाजांतून एकाच वेळी हजारो माणसे शहरात उतरतात. हिवाळ्यात शहर निवांत असते खरे, पण अनेक खाणावळी आणि बोटी बंद असतात. किमान तीन रात्री मुक्काम ठेवावा आणि शक्य असेल तर चार. जहाजातून सकाळी उतरून दुपारी परतणाऱ्याला हे शहर सर्वांत वाईट वेळी, म्हणजे ऐन गर्दीत आणि ऐन उन्हात दिसते. इथली खरी शोभा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर असते.

पोहोचणे आणि दरवाजा ठरवणे

अथेन्सहून विमानाने सुमारे तासाभरात ऱ्होड्सला पोहोचता येते. विमानतळाला दियागोरास हे नाव आहे आणि तो शहरापासून सुमारे १४ किलोमीटरवर आहे. तेथून शहरात येण्यास बस आणि टॅक्सी दोन्ही मिळतात. दुसरा मार्ग समुद्राचा. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून सुटणारी मोठी बोट वाटेत किती बेटे घेते यावर अवलंबून साधारण १२ ते १८ तासांत ऱ्होड्सला लागते. हाताशी वेळ असेल तर जाताना बोटीनेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटीवरून समोर प्रथम तट दिसतो, मग बुरूज आणि त्यांच्यामागे घुमट व मिनार दिसू लागतात, आणि हे शहर समुद्राकडून येणाऱ्याला धाक वाटावा अशा हेतूने बांधले होते, हे कोणी न सांगता समजते. तिकिटावर आणि बोटीच्या फलकावर नाव ‘रोडोस’ असे असेल. ग्रीक लोक बेटाला आणि शहराला याच नावाने ओळखतात.

राहण्यासाठी तटाच्या आतले एखादे छोटे घरगुती निवासस्थान निवडावे. मात्र आतल्या बहुतेक गल्ल्यांत बाहेरची मोटार जात नाही, आणि जमीन उभ्या खोवलेल्या गुळगुळीत गोट्यांची आहे, तिच्यावर चाकांची बॅग ओढताना ती दर दोन पावलांना अडखळते. म्हणून सामान खांद्यावर घेता येईल इतकेच न्यावे, आणि आपल्या निवासापासून तटाचा कोणता दरवाजा सर्वांत जवळ आहे हे यजमानाला आधीच विचारून ठेवावे. टॅक्सीचालकाला घराचा पत्ता सांगण्यापेक्षा दरवाजाचे नाव सांगणे अधिक उपयोगी पडते: एलेफ्थेरियास म्हणजे स्वातंत्र्य दरवाजा, दांब्वाज दरवाजा, संत अँथनीचा दरवाजा, संत जॉनचा दरवाजा, सागरी दरवाजा, अकांडिया दरवाजा.

पहिली संध्याकाळ: मांद्राकी

सामान टाकून, तोंडावर पाणी मारून, पहिल्या संध्याकाळी तटाच्या आत न शिरता सरळ मांद्राकी बंदरावर जावे. हे जुने लहान बंदर आता होड्यांसाठी आणि सहलीच्या बोटींसाठी वापरले जाते. त्याच्या तोंडाशी दोन खांबांवर एक हरीण आणि एक हरिणी अशी कांस्याची दोन शिल्पे आहेत, कारण हरीण हे या बेटाचे चिन्ह आहे. धक्क्यावर तीन जुन्या पवनचक्क्या आहेत, आणि टोकाला संत निकोलसचा किल्ला व त्यावरचा दीपस्तंभ आहे.

मार्गदर्शक मंडळी त्या हरणांकडे बोट दाखवून सांगतात की, याच जागी दोन्ही काठांवर पाय रोवून सात आश्चर्यांपैकी एक असलेला तो महाकाय पुतळा उभा होता आणि त्याच्या पायांमधून जहाजे जात. हे चित्र मध्ययुगातल्या कल्पनेतून आलेले आहे आणि बांधकामाच्या दृष्टीने ते अशक्य मानले जाते. जे ठाऊक आहे ते असे: इ. स. पू. ३०५ मध्ये डेमेट्रियस या सेनापतीने शहराला वेढा घातला आणि पुढच्या वर्षी तो निष्फळ ठरून उठला. त्याने मागे टाकलेली युद्धसामग्री विकून आलेल्या पैशातून नागरिकांनी हेलिओस या सूर्यदेवाचा कांस्यपुतळा उभारला. लिंडोस गावचा चारेस हा त्याचा शिल्पकार. कामाला सुमारे १२ वर्षे लागली आणि उंची साधारण ३३ मीटर झाली. इ. स. पू. २२६ च्या सुमारास झालेल्या भूकंपात तो गुडघ्यातून मोडून पडला आणि पुढे कित्येक शतके तसाच पडून होता. तो नेमका कुठे उभा होता हे आजवर निश्चित झालेले नाही, त्यामुळे पाहण्यासारखा एकही अवशेष इथे नाही. ज्याला केवळ त्या आश्चर्यासाठी यायचे आहे, त्याने हे आधीच जाणून घेतलेले बरे. धक्क्यावर बसून सूर्य मावळेपर्यंत होड्या पाहाव्यात आणि लवकर झोपावे.

दुसरी सकाळ: खंदक

सकाळी लवकर उठून खंदकात उतरावे. अकांडिया दरवाजाच्या बाजूने खाली जाता येते आणि फिरण्यास काही मूल्य पडत नाही. हा खंदक कोरडा आहे आणि तो पहिल्यापासून कोरडाच होता. आता त्यात हिरवळ आहे, झाडे आहेत, आणि सकाळच्या वेळी तिथे धावणारी चार माणसे व झाडांवरचे पक्षी यांखेरीज कोणी नसते. दोन्ही बाजूंना उभ्या दगडी भिंती असल्यामुळे वर वाहनांचा आवाज असला तरी खाली तो विरून जातो.

इथे चालताना इतिहासाचा थोडा धागा हाताशी असावा. संत जॉनच्या लढाऊ ख्रिस्ती पंथाचे सरदार, ज्यांना हॉस्पिटलर म्हणतात, त्यांनी १३०९ मध्ये शहर घेतले आणि १५२२ पर्यंत राखले. १४८० मध्ये ओटोमन म्हणजे तुर्की फौजेने घातलेला मोठा वेढा पिएर दोब्युसों या महास्वामीच्या, म्हणजे पंथप्रमुखाच्या, नेतृत्वाखाली परतवला गेला. मात्र तोफांपुढे जुना उंच आणि अरुंद तट टिकणार नाही, हे त्या वेढ्यात सरदारांना पुरते उमगले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्यांनी तट भरीव केला, काही ठिकाणी त्याची जाडी १२ मीटरपर्यंत नेली, बुरुजांना तोफेचा गोळा घसरून जाईल असे आकार दिले, आणि खंदकाच्या मध्यभागी मूळ खडक तसाच राखून दगडी बेटांसारखे अडसर उभे केले, जेणेकरून शत्रूला एक खंदक ओलांडल्यावर दुसरा ओलांडावा लागेल. चालता चालता अशा एखाद्या अडसराच्या आणि तटाच्या मधल्या अरुंद वाटेत उभे राहून वर पाहावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी मारा होत असताना खाली सापडलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल, हे क्षणात कळते.

तटाचे भाग सरदारांच्या ‘जिभांना’ वाटून दिलेले होते. जीभ म्हणजे एका भाषेच्या लोकांचा गट: प्रोव्हान्स, ओव्हेर्न्य, फ्रान्स, इटली, आरागॉन, इंग्लंड, जर्मनी, आणि पुढे वेगळा झालेला कास्तिल. आपला भाग आपण राखायचा अशी व्यवस्था होती. भिंतीत ठिकठिकाणी संगमरवरी ढाली बसवलेल्या आहेत, त्यांवर ज्या महास्वामीच्या काळात तो भाग बांधला वा दुरुस्त केला त्याची चिन्हे कोरलेली आहेत. त्या ढाली पाहत गेले की तट कसा वाढत गेला हे वाचता येते.

खंदकात गवतावर दगडी तोफगोळे पडलेले आढळतात. त्यातल्या एखाद्याजवळ बसावे. दुरून तो गुळगुळीत वाटतो, पण जवळून पाहिल्यावर त्यावर छिन्नीचे बारीक, एकमेकांना छेदणारे घाव दिसतात, आणि एका अंगाला खडबडीत खळगा असतो. हा गोळा कोणीतरी हाताने, घाव मोजत, गोल केलेला आहे, आणि असे शेकडो गोळे घडवणारी माणसे त्या वेढ्यात होती. मी अशा एका गोळ्यापाशी पाऊण तास बसलो होतो, आणि त्या दिवशी पाहिलेल्या सर्व मूर्तींपेक्षा तोच माझ्या अधिक लक्षात राहिला आहे.

खंदकातून वर येऊन दांब्वाज दरवाजाने शहरात प्रवेश करावा. १५१२ मध्ये पूर्ण झालेल्या या दरवाजात सरळ वाटच नाही. पूल ओलांडला की वाट वळते, पुन्हा वळते, आणि आत शिरणाऱ्यावर प्रत्येक वळणावर वरून नजर राहते. रायगडाचा महादरवाजा ज्याने पाहिला आहे, त्याला ही गोमुखी बांधणीची युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

दरवाजाच्या आत

या दरवाजाजवळच महास्वामींचा राजवाडा आहे. तिकीट सरकारी संकेतस्थळावर आधी काढून ठेवले तर रांग टळते. इथे जे दिसते त्यातले बरेचसे विसाव्या शतकातले आहे, ही गोष्ट आत शिरण्यापूर्वी माहीत असावी. १८५६ मध्ये समोरच्या संत जॉनच्या चर्चखाली साठवलेल्या दारूचा वीज पडून स्फोट झाला आणि चर्चबरोबर राजवाड्याचाही मोठा भाग कोसळला. १९१२ पासून बेट इटलीच्या ताब्यात होते. त्या राजवटीने १९३७ ते १९४० या काळात राजवाडा पुन्हा उभा केला आणि कोस बेटावरून आणलेली प्राचीन मोझेक चित्रे दालनांच्या जमिनीत बसवली. मोझेक चित्रे अस्सल आणि अतिशय देखणी आहेत. भव्य जिने आणि दालने मात्र इटालियन राजवटीच्या हौसेचे प्रदर्शन म्हणून पाहावीत.

राजवाड्यापासून बंदराकडे उतरणारा सुमारे २०० मीटरचा सरळ रस्ता म्हणजे ओदोस इप्पोतोन, सरदारांचा रस्ता. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जिभांची निवासगृहे आहेत, आणि त्यांपैकी फ्रान्सचे निवासगृह सर्वांत नक्षीदार आहे. या रस्त्यावर दुकाने नाहीत. तो एकदा सकाळी आणि एकदा रात्री दहानंतर चालावा. रात्री दिव्यांच्या उजेडात पायाखालचे गोटे चकाकतात, पण ते घसरडेही असतात, म्हणून रबरी तळव्याचेच बूट घालावेत.

रस्ता उतरून गेल्यावर सरदारांचे रुग्णालय लागते. १४४० मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १४८९ मध्ये पूर्ण झाले आणि आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. घाई असेल तर राजवाडा सोडावा, पण हे सोडू नये. अंगणात तोफगोळ्यांच्या राशी आणि एक संगमरवरी सिंह आहे. वरच्या मजल्यावर रुग्णांचे लांब दालन जसेच्या तसे उभे आहे. पुढच्या दालनांत तिमारिस्ता आणि क्रितो या आई-मुलीची स्मृतिशिळा आहे, याच बेटावरील कामिरोस येथे सापडलेली, इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरची: आई गेलेली आहे, मुलगी तिला निरोप देते आहे, आईचा हात मुलीच्या खांद्यामागे आहे, आणि दोघींच्या पायांची दिशा मात्र वेगवेगळ्या बाजूंना वळू लागली आहे. केस धुवून ते वाळवणारी, बसलेली लहानशी अफ्रोदिती ही प्रेमदेवताही याच संग्रहालयात आहे.

दुपारी दोन ते पाच विश्रांती घ्यावी. स्थानिक लोकही तेच करतात.

संध्याकाळी शहराच्या दक्षिण भागात, बूर्गमध्ये शिरावे. इथे सामान्य लोकांची वस्ती होती आणि आहे. सोक्रातूस हा मुख्य बाजाररस्ता गर्दीचा आहे, तो एकदा ओलांडून मागच्या गल्ल्यांत जावे. १५२२ मध्ये सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर सुलतान सुलेमानने शहर घेतले आणि सरदार १५२३ च्या पहिल्या दिवशी बेट सोडून गेले. त्यानंतरच्या जवळजवळ चारशे वर्षांच्या खुणा इथे आहेत: रस्त्याच्या वरच्या टोकाला सुलेमानाच्या नावाची मशीद आहे, आणि तिच्यासमोर १७९३ मध्ये स्थापन झालेले हाफिझ अहमद आगा यांचे हस्तलिखितांचे ग्रंथालय आहे. ओटोमन काळात ख्रिस्ती ग्रीकांना तटाच्या आत राहता येत नसे, म्हणून त्यांच्या वस्त्या बाहेर उभ्या राहिल्या.

ज्यू मोहल्ल्यात १५७७ साली बांधलेले काहाल शालोम हे प्रार्थनामंदिर आहे. ग्रीसमध्ये आज वापरात असलेले ते सर्वांत जुने प्रार्थनामंदिर आहे. जवळच्या चौकाला ज्यू हुतात्म्यांचे नाव आहे. जुलै १९४४ मध्ये जर्मन सैन्याने इथल्या १,६०० हून अधिक ज्यूंना आउश्विट्झच्या मृत्युछावणीत नेले, आणि त्यांतले सुमारे दीडशेच वाचले. चौकात काळ्या दगडाचे स्मारक आहे. आजूबाजूच्या खाणावळींमुळे अनेक प्रवासी त्याच्याजवळून न थांबता जातात, आपण थांबावे.

जेवणाविषयी थोडे

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. ग्रीक ख्रिस्ती परंपरेत उपवासाचे दिवस पुष्कळ असतात, त्यामुळे बिनमांसाच्या पदार्थांची जुनी रीत आहे आणि त्यांना ‘निस्तिसिमो’ म्हणतात. हा शब्द वापरला तर मांस, अंडी व दूध टळते. मासे नसतात, परंतु शिंपले-कोळंबी चालतात, म्हणून तेवढे वेगळे विचारावे. मांस नको असेल तर ‘खोरिस क्रेआस’ म्हणावे. ऱ्होड्सचा स्वतःचा पदार्थ म्हणजे पितारूदिया: भिजवून वाटलेल्या हरभऱ्यात कांदा, टोमॅटो आणि पुदिना घालून तळलेली भजी, जी आपल्या जिभेला अगदी ओळखीची वाटतात. लग्नकार्यात वाटली जाणारी मेलेकूनी ही तीळ आणि मधाची वडी आहे; तिला संत्र्याच्या सालीचा आणि मसाल्याचा वास असतो, आणि ती प्रवासात टिकते. एक सावधगिरी: ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे होय. आपल्या कानाला तो नकार वाटतो आणि त्यातून घोटाळे होतात. नकाराला ‘ओखी’ म्हणतात.

तटाबाहेरचे दोन दिवस

लिंडोस हे गाव ऱ्होड्स शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. मांद्राकीच्या नव्या बाजाराजवळून पूर्व किनाऱ्याच्या बस सुटतात. सकाळची पहिली किंवा दुसरी बस धरावी, कारण तिथल्या अक्रोपोलिसची, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन बालेकिल्ल्याची, चढण सावलीविना आहे. गावातून गाढवावर बसवून वर नेण्याची सोय असते. धडधाकट माणसाने पायीच जावे, त्या मुक्या जनावरांवर उन्हात भार घालू नये. पायथ्याच्या जिन्याजवळ खडकातच एका प्राचीन जहाजाचा मागचा भाग कोरलेला आहे, त्याच्यापुढे घाईने जाऊ नये. माथ्यावर अथेना देवीचे मंदिर आहे आणि खाली संत पॉलचे जवळजवळ बंदिस्त निळे आखात दिसते.

पश्चिमेकडील कामिरोस ही उतारावर पसरलेली प्राचीन नगरी लिंडोसइतकी प्रसिद्ध नाही, म्हणूनच तिथे शांतपणे रस्ते, घरांची जोती आणि पाण्याचे टाके पाहता येते. पेतालूदेस म्हणजे फुलपाखरांच्या दरीत जून ते सप्टेंबर या काळात जावे. झाडांच्या खोडांवर हजारो पतंग मिटल्या पंखांनी बसलेले असतात. ते उडावेत म्हणून टाळ्या वाजवू नयेत आणि शिट्टी मारू नये: या काळात ते खात नाहीत, साठवलेल्या शक्तीवर जगतात, आणि प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्यांचे आयुष्य कमी करते.

समुद्रावर एक दिवस घालवायचा असेल तर मार्मारिसऐवजी सिमी बेटावर जावे. ते ग्रीसमध्येच असल्याने व्हिसाचा प्रश्न येत नाही, तरी पारपत्र जवळ ठेवावे. वाऱ्याच्या दिवसांत बोटी रद्द होतात, म्हणून ही सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. शेवटचा दिवस शहरासाठी राखावा आणि संध्याकाळी पश्चिमेच्या मॉन्टे स्मिथ टेकडीवर चालत जावे. तिथे प्राचीन धावण्याचे मैदान आहे आणि अपोलोच्या मंदिराचे काही खांब उभे आहेत. प्रवेशाला तिकीट नाही. सूर्य समुद्रात बुडाल्यावर परतताना पायवाटेवर दिवे कमी असतात, तेव्हा सोबत विजेरी ठेवावी.